चंद्राबाईची घरची शाळा

झुंबरला शाळेतून काढली ती तिच्या आईनं, चंद्राबाईनं, आणि काढली ती रागाच्या भरात. राग खरा होता, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नको. पोर जेमतेम सहा-सात वर्षांची. गावातल्या एका मास्तराच्या शाळेत तिचं नाव घातलं आणि पावसाळा सरायच्या आत चंद्राबाई सहज एकदा शाळेवरून जाताना डोकावली, तर झुंबर वर्गात नाहीच. मास्तरांच्या घरामागं बसून त्यांची भांडी घासतेय. शेजारी मास्तरांचं तान्हं मूल झोळीत, आणि हात मोकळा झाला की त्याला एक झोका.

"हितं काय करतीस गं?" चंद्राबाईनं विचारलं.

"मास्तर म्हनलं, पोरींनी हेबी शिकाय पायजे," झुंबर म्हणाली. तिला बिचारीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

चंद्राबाईनं पोरीला दंडाला धरून उठवली ती तडक वस्तीवर आणली. वस्ती कालव्याच्या कडेला, बारामतीहून इंदापूरकडं जाताना लागणारी. चार घरं, पाटाच्या पाण्यावरचं भाजीपाल्याचं माळवं आणि लिंबाची नवी बाग. तिचा नवरा भिमा मिरचीच्या वाफ्यात पाणी देत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग आता?"

"आता मी शिकवीन. घरीच."

ओट्यावर गवारी निवडत बसलेली सासू, ठमाबाई, वर न बघताच म्हणाली, "शिकीव बाई. तेवढंच ऱ्हायलं हुतं."

चंद्राबाईला शिकवता येत नव्हतं असं नाही. तिचे वडील लोणी भापकरला मास्तर होते, आणि ती स्वतः सातवीची फायनल परीक्षा झालेली. बागायती जमीन बघून तिला इथं दिली, तेव्हापासून आख्ख्या वस्तीचे कागद तीच वाचायची. हाताला कळलं की डोक्याला आपोआप कळतं, असं वडील म्हणायचे, आणि तिनं शाळा मांडली ती त्याच धोरणानं. सुपात ज्वारी पसरून बोटानं अक्षरं काढायची. भाकरी मोडताना पाव, निम्मं, पाऊण. वाफ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून रोपं किती लागतील ते आधी सांगायचं आणि मग लावून बघायचं. एकदा रिकाम्या वाफ्यात मायलेकींनी चिखलाचा जिल्हा केला. वर भाटघरचं धरण, मग वीर, मग कालवा, बारामती, सगळ्यात खाली इंदापूर. वरून तांब्याभर पाणी सोडलं तर बारामतीपाशीच बांध फुटला आणि सगळं पाणी तिथंच मुरलं. "आपल्याला न्हायच पोचलं!" म्हणून झुंबर टाळ्या पिटत हसली. भिमा फावड्यावर रेलून बघत होता. "खरं हाय," तो म्हणाला, "न्हायच पोचत."

चंद्राबाई प्रत्येक कामाला धडा म्हणायची. हा बियांचा धडा, हा वजनाचा धडा, हा पाण्याचा. पोरीला तो शब्द फार आवडायचा. सकाळी उठली की आधी विचारायची, "आई, आज कंचा धडा?"

लोक म्हणत होते, नव्याचे नऊ दिवस. पण तसं झालं नाही, दोन वर्षं चांगली गेली. त्या दोन वर्षांत झुंबर बाजारच्या पुडीचा कागद दिसला की उलगडून वाचत बसायची आणि वाचता वाचता आतलं मीठ सांडून बोलणी खायची.

मग चंद्राबाईला मुलगा झाला. बाळंतपण अंगावर निघालं, कंबर धरली ती कायमची. पोर चालायला लागतंय न लागतंय तोच ठमाबाई ओट्यावरून पडली आणि खुबा मोडून अंथरुणाला खिळली. घरचं झालं थोडं, तर भिमानं त्याच साली लिंबाची बाग वाढवली. बाग वाढवली म्हणजे काय, तर खोरं त्याच्या हातात आणि बाकीचं सगळं चंद्राबाईच्या. सकाळचं शेण काढताना तिला संध्याकाळची भाकरी दिसायची आणि भाकरी थापताना सकाळचं शेण. रडायलाही बसावं लागतं, आणि बसायला तिला सवड नव्हती.

घरात एकच मोकळा हात होता, झुंबरचा. "आज बाळ्याचा धडा," चंद्राबाई म्हणायची आणि पोराला तिच्या कडेवर द्यायची. "आज आजीच्या अंघुळीचा धडा." पहिल्या पहिल्यानं ती त्याच्याबरोबर काहीतरी जोडून द्यायची. पाणी तापेस्तोवर पाढे म्हण, बाळ्याला निजवताना कविता म्हण. मग ते जोडणं राहून राहून सुटलं आणि धडा तेवढा उरला. चंद्राबाईला हे कळलं नाही असं म्हणवत नाही. दमलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी कळतात, त्या तो उद्यावर टाकतो.

त्या उन्हाळ्यात तिचा भाऊ रमाकांत वस्तीवर आला. तो बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होता. चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "चंद्रे, झुंबरला जूनमध्ये आमच्याकडे पाठव. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्या तिची तोंडी परीक्षा घेतील आणि बसेल त्या वर्गात बसवतील."

"पाचवीतच घाला, दादा," चंद्राबाई म्हणाली. "चौथीचं समदं झालंय तिचं."

हे तिनं कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे. भावापुढं कमीपणा नको एवढंच असावं. रमाकांत खूश झाला. बहिणीनं शाळेला टांग मारून पोरगी घरी शिकवली, हे तो कचेरीत सगळ्यांना सांगून बसला होता.

तो गेल्यावर भिमा म्हणाला, "ती गेली तर हितलं कसं?"

"बघू," चंद्राबाई म्हणाली. जून यायला अजून वेळ होता, आणि तोवर रोज थोडं वाचून घेऊ असं तिनं ठरवलं. पहिल्या दिवशी बाळ्याला ताप आला. दुसऱ्या दिवशी पाटाला पाणी सुटलं. पुढं ठरवलेलं कुठं गेलं ते तिचं तिलाच आठवलं नाही.

जूनमध्ये बाजाराच्या दिवशी माळव्याच्या गाडीतच मायलेकी बारामतीला निघाल्या. बाळ्याला आणि ठमाबाईला शेजारणीच्या हवाली केलं होतं. वांग्यांच्या डालग्यांना टेकून झुंबर नव्या परकराच्या निऱ्या सारख्या करत बसली होती. भिमानं त्यांना रमाकांतच्या दाराशी सोडलं आणि गाडी बाजाराकडं हाकली.

मोठ्या बाई अंगानं बारक्या, आवाजानं मऊ. रमाकांत आणि चंद्राबाई भिंतीकडच्या बाकावर बसले, झुंबर टेबलापाशी उभी राहिली. बाईंनी तिला हिशेब घातले, ते तिनं बोटांवर आणि मनात मिळून चटचट केले. रमाकांत बहिणीकडं बघून हसला. मग बाईंनी चौथीचं पुस्तक उघडून पुढं सरकवलं.

झुंबरनं ओळीखाली बोट ठेवलं. पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याला जोडाक्षर आलं तिथं ती थांबली. मागं गेली, परत आली, परत थांबली. चंद्राबाईचे ओठ बसल्या जागी हलत होते. झुंबरच्या मानेवर घाम आला. वाचायचं कसं ते तिला ठाऊक होतं, पण हात लावून फार दिवस झाले होते.

बाईंनी पुस्तक हलकेच मिटलं. पोर घाबरलीय हे त्यांनी ओळखलं असावं. "असू दे. घरी आई शिकवते ना तुला? आता कोणता धडा चालू आहे तुमचा?"

झुंबरचा चेहरा खुलला. हे तिला पक्कं येत होतं.

"सकाळी शेणाचा धडा असतो. मग आजीच्या अंघुळीचा. मग बाळ्याला भरवायचा. दुपारी भाकरीचा धडा आन् भांड्यांचा. पाटाला पानी आलं का दारं धरायचा, त्यो मला समद्यात चांगला येतो."

"आणि वाचनाचा?"

झुंबरनं मागं वळून आईकडं पाहिलं, बरोबर सांगतेय ना म्हणून. "त्यो जुना झाला," ती म्हणाली. "त्यो मी ल्हान हुती तवा हुता."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, चंद्राबाईला रागवायला तरी जागा मिळाली असती. राग आता यायचा तरी कुणावर? दुसऱ्यानं केली ती वेठ आणि आपण केला तो धडा. मास्तरानं भांडी घासायला लावली म्हणून पोरीला तिथून ओढून आणली, आणि आपण त्याच पोरीच्या हाती भांडी दिली, वर त्याला नाव असं गोड दिलं की तिला ती वेठ वाटूसुद्धा नये. मास्तरानं निदान त्याला धडा तरी म्हटलं नव्हतं.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "मी तिसरीत घेते. वर्षात दोन इयत्ता सुद्धा काढील. पण रोज यायला हवी, आणि उद्यापासूनच."

बाहेर आल्यावर रमाकांत बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "चंद्रे, तिसरीतल्या मुली तिच्या खांद्याला लागतील. पोरीला लाज वाटेल. त्यापेक्षा असं कर, हे एक वर्ष घरीच नीट तयारी करून घे. पुढच्या जूनला सरळ पाचवीत घालू."

केवढी सोय होती त्या बोलण्यात. भावाचा मान राहत होता, तिचा राहत होता, आणि संध्याकाळी चुलीपुढं बसायला झुंबर मिळत होती. चंद्राबाई 'बरं' म्हणणारच होती. त्या शब्दासाठी तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण पुढचं वर्ष तिला आताच दिसत होतं, बाळ्याच्या तापासकट आणि पाटाच्या पाण्यासकट.

"तिसरीतच घाला, दादा," ती म्हणाली. "लाज वाटायची ती मला वाटू द्या."

रमाकांतच्या घरी जेवणं झाली. त्याची बायको विनया पानं उचलायला वळली, तर झुंबर तिच्या आधीच मोरीत जाऊन बसलेली. परकर खोचलेला, हातात राख.

"अगो बाई, किती गुणाची!" विनया कौतुकानं म्हणाली.

चंद्राबाई उठली आणि मोरीत जाऊन तिनं पोरीच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "वहिनी, एक मागनं हाय. हिला काम सांगू नका."

विनयाचा चेहरा उतरला. "म्हणजे? आम्ही काय मोलकरीण म्हणून ठेवून घेतोय का तिला?"

"तसं न्हाय वो. तुमी सांगायच्या न्हाईत, मला ठावं हाय. ती आपनहून करंल. तिला अडवा, एवढंच म्हनते. माझ्याच्यानं न्हाय झालं ते."

विनयानं ते पातेलं आपल्याकडं घेतलं. झुंबर मोरीच्या तोंडाशी ओले हात घेऊन उभी होती. आईनं आपल्याला रागं भरलं की काय, ते तिला समजेना. "मग मी काय करू?" तिनं विचारलं.

"बस."

ती बसली. भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून. थोड्या वेळानं हात परकराची कड चोळायला लागले, मग जमिनीवरची राख गोळा करायला लागले. चंद्राबाईला ते बघवेना. भिमाची गाडी दाराशी आली तशी ती पोरीच्या तोंडावरून एकदा हात फिरवून निघाली. झुंबर दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "आई, तू दमशील गं."

चंद्राबाई गाडीत तोंड फिरवून बसली. रिकाम्या डालग्यांना वांग्यांचा वास येत होता. वाटेत भिमानं काय झालं ते विचारलं, तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यानं बैलांना हाक दिली.

दिवेलागणीला घरी पोचले. शेजारणीनं रडणारा बाळ्या आणून दिला. आतून ठमाबाई ओरडली, "झुंबरे, पानी दे गं, घसा वाळला!" चंद्राबाईनं पाणी दिलं. "ती कुठाय?" म्हातारीनं विचारलं, आणि कळल्यावर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मग आता माझी अंघूळ?"

"मी घालीन, आत्याबाई."

गोठ्यात शेण तसंच होतं. चूल गार होती. चंद्राबाईनं बाळ्याला पदरात बांधला, चूल पेटवली आणि काठवटीत पीठ घेतलं. वाकली तशी कमरेतून एक कळ निघाली ती थेट डोक्यापर्यंत गेली. ती तशीच, पिठात हात ठेवून, थांबून राहिली.

भिमा दारात उभा राहून हे बघत होता. वाईट माणूस नव्हता तो, त्याला बघवलं नाही. "परवा लिंबं घेऊन जायचंच हाय बारामतीला," तो म्हणाला. "येताना आनू का तिला माघारी?"

'आणा' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तो पोरीच्या मायेनं आला असता तर तिनं तो बोलूनही टाकला असता. पण तो कमरेतून आला होता, आणि हे तिला स्वच्छ कळत होतं.

"नगं," ती म्हणाली. तिनं पाणी घालून पीठ मळायला घेतलं आणि मान वर न करता पुढं म्हणाली, "आन् हे बघा. थोड्या दिसांनी मीच तुमाला म्हनंन, आना म्हनून. रडंन, पाया पडंन. तवाबी आनू नगा."