बिनधुराची फुंकर

मित्रांनो, चुलीमागच्या कोनाड्यात पडून असलेली मी एक जुनी लोखंडी फुंकणी आहे. अल्लीपूरच्या लोहाराने मला ठोकून गोल केले आणि शकुबाईने बाजारातून घरी आणले. तिच्या हाती मी ओल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्यासुद्धा पेटवून दाखवल्या. शेजारणी कौतुक करत, तेव्हा मी फुलून जाई.

पण त्याच धुराने शकुबाईची छाती धरली. चार पावले चालली की धाप लागे. चूल सांभाळायला तिची लेक नलू आर्वीच्या सासरहून आली आणि इथेच अडकली. शेवटी जावयाचा निरोप आला, "पोळ्याच्या आत नलूले पाठवा, नाई तं मंग तिकडंच राहू द्या." शकुबाईच्या तोंडचे पाणी पळाले.

दवाखान्यातल्या प्रमिलाबाई नर्सने गोळ्या दिल्या आणि बजावले, "नुसत्या गोळ्यांवर राहू नका. धूर टाळा, रोज थोडं चाला आणि चूल फुंकतो तशी ओठ आवळून लांब फुंकर सोडत जा."

शकुबाईच्या ध्यानात राहिली ती तेवढी चूल. नलूला बाजूला सारून ती मला घेऊन चुलीपुढे बसू लागली. धाप वाढतच गेली.

एक दिवस प्रमिलाबाई घरी आल्या, तर घरभर धूर. "हे काय, शकुबाई?"

"तुमीच तं सांगतलं, चूल फुंकत जा. मी तं रोज फुंकून राह्यली."

"अहो, चुलीसारखी फुंकर म्हटलं होतं. चूल नव्हे." त्यांनी कपाळावर हात मारला.

त्याच दिवशी शकुबाईच्या नवऱ्याने, रूपरावांनी, अंगणात चूल मांडली. पऱ्हाट्या वाळवून तेच पेटवू लागले. गावात हसे झाले. ते शकुबाईला म्हणाले, "हसू दे लोकायले. मले भाकर पायजे अन् तुले श्वास."

वाळलेल्या पऱ्हाट्यांना माझी गरज लागेना. शकुबाई ओट्यावर बसून नुसत्या ओठांनी फुंकर सोडी. मला फार वाईट वाटले.

दमा गेला नाही, गोळ्याही सुटल्या नाहीत. पण पोळ्याआधी ती थांबत, बसत विहिरीपर्यंत जाऊन येऊ लागली. भाकरीही तीच थापू लागली. नलूने पेटी भरली.

"जमंल ना तुले, आई?"

"दम लागला तं बसीन. तू आपल्या घरी जाय."

नलू सासरी नांदायला गेली. मित्रांनो, चूल पेटली का, हे घरात सगळेच विचारतात. फुंकणारीचा श्वास कसा आहे, हेही विचारत जा. मग मी गंजले तरी चालेल.