दहापासून सुरू होणारी मोजपट्टी

“सूनबाई, ही टेप दहापासून सुरू होते. जो आकडा येईल त्यातून दहा वजा करायचे, विसरायचं नाही,” असं मिस्त्रींनी मला तिच्या हातात देतानाच बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं. तिचे दिवस भरत आले होते आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात नेमकी बसेल अशी बाळाची लाकडी खाट तिला करून घ्यायची होती. मी एकशे तीस दाखवले, तिने सुतारकाकांना एकशे तीसच लिहून दिले. खाट आली तेव्हा कोपरा एकशे वीसचा निघाला. पुढे चार महिने ती खाट दारात आडवी पडून होती. घरातला जो तो पोट आत ओढून तिच्या बाजूने जायचा आणि जाताना सूनबाईकडे बघून एकदा खाकरायचा.

मित्रांनो, ती टेप म्हणजे मी. गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजातली जुनी पोलादी मोजपट्टी.

मी काही जन्मतः अशी थोटी नव्हते. कारखान्यात माझ्या अंगावर पिवळा रंग चढला, त्यावर काळे आकडे उमटले आणि पाच मीटरची मी वेटोळं घालून मुठीएवढ्या डबीत जाऊन बसले. मिस्त्रींनी गॅरेज उघडलं त्याच आठवड्यात मला आणलं. किती पट्टे, किती पाइप, किती चेपलेले दरवाजे मी मोजले त्याची गणती नाही. मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचे की माझ्या गॅरेजात दोनच गोष्टी खोटं बोलत नाहीत, एक ही टेप आणि दुसरी माझी बायको, आणि दोघींपुढे माझं काही चालत नाही. हे ऐकताना माझी छाती फुगायची. छाती म्हणजे डबीच, पण फुगायची.

मग एक दिवस शटर खाली ओढताना मी उंबऱ्यावर राहिले आणि माझं तोंड चेचलं गेलं. मिस्त्रींच्या मुलाने, म्हणजे ज्याला सगळे छोटे मिस्त्री म्हणतात त्याने, मला कचऱ्याच्या डब्याकडे नेलं. मिस्त्रींनी त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, “दात पडले म्हणून म्हाताऱ्याला कुणी टाकून देतं का?” त्यांनी मला बरोबर दहाच्या रेघेवर कापलं, टोकाची आकडी पुन्हा तिथे ठोकून बसवली, आणि घरात नवा नियम आला. दहा वजा. बापलेकांच्या तो इतका अंगवळणी पडला की मापाचा आकडा ओठांवर यायच्या आधीच त्यातले दहा गळून पडायचे.

खाटेच्या प्रकरणानंतर सूनबाई मात्र बदलली. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून. शेगडीचं बटण दोनदा बघायची, बाळ झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. नवरा म्हणायचा की आपल्याला पहारेकरी ठेवायची गरजच नाही, मी लग्न करून आणलाय. ती चिडायची नाही. बघणं काही सोडायची नाही.

म्हणूनच, मिस्त्रींनी नातीला उचलून घेणं सोडलंय हे सगळ्यांत आधी तिच्या लक्षात आलं. पोरगी हात वर करायची आणि आजोबा तिला कुठलातरी खुळखुळा दाखवून वेळ मारून न्यायचे. तिने विचारलं तर म्हणाले, काही नाही, जरा पाठ धरलीय. तिने ऐकलं नाही, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: पस्तीस वर्षं गार फरशीवर उताणं पडून गाड्यांखाली काम केलंय, मणके झिजलेत. आता फरशीवर आडवं व्हायचं नाही. उभ्याने काम होत असेल तर करा, नाहीतर गॅरेजला कुलूप लावा.

“कुलूप लावलं तर बाबा सहा महिन्यांत खाटेला खिळतील,” ती त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली. ते त्यालाही ठाऊक होतं.

उपाय एकच होता. दोन खांबांची लिफ्ट. गाडी वर उचलायची आणि खाली ताठ उभं राहून काम करायचं. छोट्या मिस्त्रीने चौकशी केली. लिफ्ट बसवणाऱ्याने फोनवर हिशेब सांगितला: गाडी एकशे सत्तर वर जाणार, तिची स्वतःची उंची दीडशे धरा, वर दहाची मोकळीक. म्हणजे फरशीपासून छतापर्यंत तीनशे तीस सेंटीमीटर हवेतच. एकही कमी चालणार नाही.

मग मला खिळ्यावरून उतरवलं. माझं टोक मिस्त्रींनी बुटाखाली फरशीवर दाबून धरलं आणि छोटा मिस्त्री डबी घेऊन शिडीवर चढला, थेट तुळईपर्यंत, कारण छतात सगळ्यांत खाली आलेली तीच. त्याने माझ्याकडे बघितलं, क्षणभर ओठ हलवले आणि आकडा खाली ओरडून सांगितला. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, तेही जरा पुटपुटले आणि भिंतीवर लिहिलं: तीनशे पंचवीस.

पाच सेंटीमीटर. तीन बोटं, बस्स.

मिस्त्री त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की नशिबात नाही त्याला कोण काय करणार, त्या माणसाला नको म्हणून कळवून टाक. आणि एकेक पाना पुसून पेटीत ठेवायला लागले. गिऱ्हाईक दारात असताना नव्हे, तर कायमचं आवरताना ठेवतात तसे. मित्रांनो, माझ्या पोटात स्प्रिंग आहे, जीभ नाही. त्या वेळी जीभ असती तर मी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं.

एवढ्यात सूनबाई पोरीला कडेवर घेऊन आत आली. पेटी बघितली, भिंत बघितली, सासऱ्यांचा चेहरा बघितला. काय झालं ते नवऱ्याने सांगितलं. ती माझ्याजवळ आली, तिने माझं टोक हातात घेऊन आकडीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “दहा कुणी वजा केले?”

“मी,” शिडीवरून नवरा म्हणाला.

“मी,” पाने पुसत सासरे म्हणाले.

पोरगी तेवढी मजेत बोट चोखत होती. मग छोटा मिस्त्री शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आला. मिस्त्री हसायला लागले. हसता हसता पाठीला हात लावून खाली बसले, तरी हसणं थांबेना.

सूनबाई मात्र हसली नाही. तिने सुतारकाकांना त्यांची टेप घेऊन बोलावलं. ते आले ते “आता कुणाची खाट?” असं विचारतच. तिने चार ठिकाणी मोजायला लावलं, कारण फरशीला मोरीकडे उतार होता. जिथे खांब उभे राहायचे तिथेही, गाडी जिथे उभी राहणार तिथेही. सगळ्यांत कमी भरलं ते तुळईखाली, तीनशे पस्तीस. मी तीनशे पंचेचाळीस दाखवत होते, त्यातून दहा एकदाच वजा जाता अगदी तेवढंच. मित्रांनो, चेचलेल्या तोंडाने मी खरं बोलत होते!

पण तिचं समाधान झालं नव्हतं. तुळईला टांगलेली ट्यूबलाइट पंधरा सेंटीमीटर खाली लोंबत होती, ती तिने भिंतीवर हलवायला लावली. वर चढलेल्या गाडीचं वरच्या बाजूला उघडणारं मागचं दार कुणी उघडलं तर काय होईल, असं तिने विचारलं आणि दोघा मिस्त्रींच्या नजरा तुळईकडे गेल्या. मग तिने दाराच्या चौकटीवर दीडशेच्या उंचीवर लाल रेघ ओढली. रेघेच्या वर टप जाणारी गाडी लिफ्टवर चढणार नाही, आणि वरच्या गाडीचं मागचं दार उघडायचं नाही. नवरा म्हणाला, “हेही पहारेकऱ्याने ठरवलं का?” मिस्त्री म्हणाले, “गप रे. तुझ्या दोन वजाबाक्यांपेक्षा तिची एक शंका भारी आहे.”

लिफ्ट आली. पहिली गाडी हळूहळू वर गेली आणि टप तुळईखाली पंधरा सेंटीमीटरवर येऊन थांबला. सूनबाईने ते अंतर दोनदा मोजलं. मग मिस्त्री गाडीखाली चालत गेले. चालत! मान वर करून त्यांनी तो सगळा पसारा असा न्याहाळला की जणू गाडी खालून पहिल्यांदाच बघतायत. पाना लावला, पहिला बोल्ट सैल केला आणि मोठ्याने शीळ घातली. पोरगी टाळ्या पिटत होती. मी खिळ्यावर टांगलेली होते, पण सांगते, त्या दिवशी त्या गॅरेजात माझ्याइतकं ताठ कुणी नव्हतं, मिस्त्री सोडून.

आता माझ्या शेजारच्या खिळ्यावर नवी टेप आहे, शून्यापासून सुरू होणारी. मापं ती घेते. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं सांगणं वेगळंच आहे. टेप चुकली तर दुसरी टेप लावून बघता येते. माणसं मात्र आपलं दुखणं स्वतःच वजा करून सांगतात, आणि ऐकणारा त्यातून आणखी थोडं वजा करतो. तुमच्या घरीही असं कुणीतरी असेल, वर्षानुवर्षं वाकून, ओझी उचलून काम करणारं. आज त्यांच्याकडे जा. कसं आहे असं विचारून परत फिरू नका. जरा वेळ थांबा आणि ते जमिनीवरून उठतात कसे, तेवढं बघून या.