शेवटची प्रार्थना अण्णा करतील

शांतवन अण्णांनी गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्या घरी सुरू केलेली शेवटची प्रार्थना अजून संपलेली नाही. आज एकोणिसावा दिवस. अकरा माणसं माझ्या बैठकीच्या खोलीत डोळे मिटून बसली आहेत आणि घरातली साखर संपत आली आहे.

चूक नव्या पाळकसाहेबांची. अण्णांना वचन वाचायला द्यावं, गाणं सांगायला द्यावं, फार तर सुरुवातीची प्रार्थना द्यावी. मागे कार्यक्रम खोळंबलेला असला की माणूस जरा आवरतं घेतो. शेवटची कधी देऊ नये. आमच्या मिशन कंपाउंडात हे सगळ्यांना पाठ आहे. पाळकसाहेबांना बदलून येऊन जेमतेम महिना झालेला, त्यात आतून पोह्यांचा वास. ते म्हणाले, "शेवटची प्रार्थना अण्णा करतील." भगिनी मंडळाच्या प्रेमलताकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी उठून पोह्यांवर झाकण ठेवून आले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

सभा माझ्या सांत्वनासाठी होती. माझी धाकटी बहीण रजनी जाऊन दोन महिने झाले. बावीस वर्षं तिने आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. आजाराने आधी तिची बोटं नेली, मग हात, मग पाय, मग गिळणं. तीन वर्षं लागली. मी नर्स होते, वॉर्डात एकतीस वर्षं काढलेली, त्यामुळे पुढच्या महिन्यात काय जाणार हे मला आधी कळायचं आणि तिला माझ्या तोंडावरून कळायचं.

अण्णांची प्रार्थना आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केल्याबद्दलच्या आभारांनी सुरू होते. तिथून ती वाळवंट ओलांडते, संदेष्ट्यांना भेटते, आमच्या कंपाउंडाच्या फाटकातून आत येते, घरोघरचे आजारी नावानिशी घेते, गुडघेदुखीसुद्धा सोडत नाही, आणि माझ्या दारात पोचते. मग अण्णा म्हणतात, "आमच्या रजनीला तू तुझ्या योजनेप्रमाणे नेलंस, तिची बोटं आधी थांबवलीस, यातही तुझी कृपा होती, म्हणून आम्ही सर्व तुझे आभार मानतो." आणि थांबतात.

दहा जण आमेन म्हणतात. मी म्हणत नाही.

अण्णा कान देऊन मोजत असावेत. एक आमेन कमी पडलं की ते दीर्घ श्वास घेतात, "आणि हे प्रभू," म्हणतात आणि पुन्हा आकाश आणि पृथ्वीपासून सुरू करतात. एक फेरी पावणेदोन तासांची आहे. दर फेरीला खोली एक फरशी लांब होते आणि तीन सूत अरुंद. पहिल्या दिवशी ती साडेनऊ फूट रुंद होती, आता जेमतेम दीड आहे. सगळे एकामागे एक बसले आहेत. अण्णा पलीकडच्या टोकाला गेले आहेत, दोनशे साठ फरश्यांवर, पण आवाज शेजारी बसल्यासारखा येतो. ऊन चारचंच आहे. दूधवाला रोज एकदा येऊन "आज किती?" विचारतो, त्यावरून दिवस कळतात.

मी चहा देते. डोळे मिटूनही कोणी थेंब सांडत नाही. कप उचलताना कोण आधी बिस्किटासाठी हात चाचपतं, ते मी पाहून ठेवलं आहे. ज्यांनी "रजनीबाईंवाचून आमचा घास उतरत नाही" असं सभेत सांगितलं, ते चाचपण्यात पहिले आहेत.

"विमल," प्रेमलताकाकू ओठ न हलवता म्हणाल्या. "म्हणून टाक गं एकदा. माझं दळण गिरणीत पडलंय."

"काकू, मला तसं वाटत नाही."

"आमेन म्हणायला वाटावं कशाला लागतंय? मी काय दर वेळी वाटून घेते?"

"घ्यायला हवं होतं."

"हट्टी आहेस. अगदी आईवर गेलीस. ती पण स्वयंपाकघरात देवाशी भांडायची आणि बाहेर आम्हाला पेरू द्यायची."

मी टॉर्च आणून काकूंचे डोळे तपासले. पापण्यांमधली फट बुजली आहे. तिथे सलग कातडी आहे, कोपराला असते तशी, जरा खरखरीत. दुखत नाही म्हणाल्या. बाकीच्या नऊ जणांचे पाहिले, तसेच. अण्णांचे लांबून दिसले नाहीत.

पाळकसाहेबांना मी म्हटलं, "साहेब, तुम्ही चूक केलीत, तुम्हीच थांबवा."

"वडीलधाऱ्यांना प्रार्थनेत कसं अडवायचं, सिस्टर? तुमचाच आमेन राहिलाय." त्यांचा आवाज पहिल्या दिवशी होता तितकाच गोड होता. "ही विश्वासाची परीक्षा असते."

"पेपर कोणी काढला तेवढं सांगा. मी त्याच्याशीच बोलते."

"तसं बोलू नये, सिस्टर."

"मग कोणाशी बोलू? तुमच्याशी? तुम्हाला चहात साखर किती ते ठरवता येत नाही."

दीड चमचा लागतो त्यांना, म्हणतात अर्धा.

लोकांना वाटतं माझा विश्वास डळमळला. नसता राहिला, तर पहिल्याच फेरीला आमेन ठोकून सगळ्यांना पोहे देऊन घरी पाठवलं असतं. मला काय, एक शब्द. पण आमेन म्हणजे तसेच असो, आणि ऐकणारा आहे असं मी मानते, तिथेच सगळं अडलंय. एकतीस वर्षांत न दिलेल्या गोळीसमोर मी सही केली नाही. डॉक्टर ओरडले तरी नाही. आता वरच्यासमोर कशी करू?

सतराव्या दिवशी मात्र मी जवळजवळ म्हटलं. पाय सुजले होते. भिंत कपाटाला लागली आणि आतल्या काचा तडकल्या. अण्णा "आभार मानतो" म्हणाले आणि माझं तोंड उघडलं. "आ" बाहेर पडलासुद्धा. भिंती थबकल्या. दहा माना माझ्याकडे वळल्या, डोळ्यांच्या जागी ती सलग कातडी. काकूंनी पर्स काखोटीला मारली.

आणि मला तो रविवार आठवला. रजनी तोवर पदराखाली हात लपवून चर्चला यायची. आधी चार बोटांनी वाजवायची, मग दोन, मग एका. मंडळी सौजन्याने हळू गायची. त्या रविवारी तिचं बोट पट्टीवर पडलं ते उचलेचना. गाणं संपलं, लोक बसले, आशीर्वाद झाला, तो एक सूर चालूच. ती पुढे पाहत बसली होती. मी जाऊन तिचं बोट उचललं. ते थंड होतं. बाहेर पायरीवर अण्णा म्हणाले होते, "आज फार सुरेख लांबवलंस, पोरी."

मी तोंड मिटलं. "आ" परत गिळला. काकूंनी पर्स खाली ठेवली आणि एक शब्द बोलल्या, जो भगिनी मंडळात बोलत नाहीत. अण्णा आकाश आणि पृथ्वीकडे गेले.

आज भिंती माझ्या दोन्ही खांद्यांना लागल्या. मी चपला काढल्या आणि खांदा पुढे करून, तिरकी होऊन अण्णांकडे निघाले. माणसांना ओलांडून जावं लागत होतं. पाळकसाहेबांच्या डोक्यावरून पाय टाकताना "सॉरी" म्हटलं. त्यांनी "प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो" म्हटलं. काकूंनी माझा घोटा धरला. "म्हणायला चाललीस?" "नाही." त्यांनी सोडला.

पोचेपर्यंत अर्धी फेरी झाली. अण्णा भिंतींमध्ये उभेच होते, त्या टोकाला बसायलाही जागा नव्हती. हात पसरायची सवय, पण भिंतींमुळे तळवे छातीशी दुमडलेले.

त्यांचे डोळे उघडे होते. लाल, सुजलेले, सताड उघडे.

"अण्णा, डोळे उघडे ठेवून?"

"पहिल्या दिवसापासून," दोन वाक्यांच्या मधल्या श्वासात ते म्हणाले. "आणि तू आपल्या लोकांना वाळवंटातून चालवलंस..."

"मग दिसत नाही का तुम्हाला? घर गेलं माझं. थांबा आता."

"कसा थांबू, विमल? आणि त्यांना तहान लागली तेव्हा... मी थांबलो की शांत होणार सगळं. मग तो काही बोलतो का, ते ऐकावं लागणार."

"ऐका की मग. दर रविवारी आम्हाला तेच सांगता."

"मंगल गेली तेव्हा थांबलो होतो एकदा." मंगल म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. "रात्रभर बसलो होतो गं."

"मग?"

"आणि हे प्रभू," अण्णा म्हणाले.

मी उजवा हात भिंतीतून कसाबसा वर ओढला आणि त्यांच्या तोंडावर ठेवला. तळव्याखाली ओठ हलत राहिले, मिशा टोचत राहिल्या. संदेष्टे गेले. फाटक गेलं. गुडघेदुखी गेली. मग ओठ थांबले. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी येऊन माझ्या बोटांवर साचलं. मी हात काढला नाही.

मागे एकाही कपाचा आवाज आला नाही.

"प्रभू," मी मोठ्याने म्हटलं, "आभार नंतर बघू. बोटंच आधी का?"

आणि आमेन म्हटलं नाही.

मान वळवून सवयीने छात्या मोजल्या. अण्णांची माझ्या कोपराखाली, स्थिर. मागच्या दहा, रांगेने, स्थिर. माझी बारावी. बाराही जणांनी श्वास रोखला होता. आणि त्या शांततेत, अगदी कानाजवळ, बोलायच्या आधी घेतात तसा कोणीतरी श्वास घेतला.