शेपटीत राहिलेला पाना

मित्रांनो, मी पन्नास आसनांचं एक जुनं जेट विमान आहे. धाराशिव शहराबाहेर विमानदुरुस्ती शिकवणारी एक संस्था आहे, तिच्या आवारात मी उभा असतो. माझी इंजिनं आता सुरू होत नाहीत. रोज सकाळी मुलंमुली येतात, माझ्या अंगावरची झाकणं उघडतात, आत वाकून बघतात आणि पुन्हा लावून टाकतात.

माझा जन्म फार दूरच्या देशातला. आमच्या घराण्यात तीन मापं होती, त्यातला मी सगळ्यांत लांब. आत एका बाजूला एकेक आसन, दुसऱ्या बाजूला दोन-दोन, आणि दोन्ही इंजिनं मागं शेपटीजवळ. मोठ्या विमानांना पुरतील एवढे प्रवासी जिथं मिळत नाहीत, अशा गावांना आम्ही जात असू. पहिली नऊ वर्षं मी बर्फाच्या मुलखात काढली. मग एका भारतीय कंपनीनं मला घेतलं, नवा रंग दिला आणि मी हैदराबादला राहायला आलो.

आमचं घराणं सुरक्षित मानलं जाई. हजारो फेऱ्या आणि अपघात अगदी थोडे. पण माझं एक भावंड धुक्यात धावपट्टी सोडून पुढं गेलं आणि त्यात तीन माणसं गेली. अपघात थोडे, हे खरंच आहे. पण त्या तिघांच्या घरी जाऊन ते कोण सांगणार?

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली एक सकाळ सांगतो.

कंपनीत मंजुषा नावाची अभियंता होती. परंडा तालुक्यातल्या सोनारीची. वडील बब्रुवान मेंढरं राखायचे. गावातून विमानाच्या कामाला गेलेली ती पहिलीच. माझी तपासणी करताना ती माझ्या पत्र्यावरून तळहात फिरवायची, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. विमान ठीक आहे अशी तिची सही झाली की मगच मी उडत असे.

त्या दिवशी तिचे आईवडील माझ्यातून म्हैसूरला निघाले होते. तिचा भाऊ सुरज तिथं नोकरीला होता आणि दुपारी त्याच्या मुलीचं बारसं होतं. बब्रुवान आणि सिताबाई दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार होते. तिकिटं मंजुषानं काढली होती.

पहाटे तिनं माझ्या शेपटीतलं काम संपवलं. आईवडील विमानतळावर येऊन बसल्याचा निरोप आला, तशी तिची घाई झाली. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच असते, म्हणजे एखादं राहिलं तर मोकळी खाच लगेच दिसते. त्या सकाळी तिनं पेटी न बघताच मिटली, कागदावर सही केली आणि आईचा हात धरून तिला माझ्या पायऱ्यांपर्यंत आणलं.

पण एक छोटा पाना माझ्या शेपटीत राहिला होता. मला तो जाणवत होता, मित्रांनो. शेपटीचा पंख वरखाली करणाऱ्या दांड्याच्या अगदी जवळ तो पडला होता. मी जरा हललो तरी तोही हलायचा. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण यंत्राला वाचा नसते. दार बंद झालं. डावं इंजिन सुरू झालं.

तेवढ्यात समोरून मंजुषा धावत आली. पेटी परत द्यायला ती भांडारात गेली होती, तिथं झाकण उघडल्यावर मोकळी खाच दिसली. ती थेट माझ्या नाकासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले. विमानतळावर या खुणेचा अर्थ एकच. थांबा. कप्तानानं इंजिन बंद केलं.

खिडकीतून बब्रुवान बघत होते. त्यांना काहीच उमगलं नाही. सिताबाईंना म्हणाले, "आपली मंजी रडायलीय का गं?"

सगळे प्रवासी खाली उतरले. मंजुषाचे वरिष्ठ ईरण्णा उमरग्याकडचे होते. वयानं जड झालेला माणूस, पण ते स्वतः माझ्या शेपटीत शिरले आणि पाऊण तासानं पाना घेऊन बाहेर आले. दांड्यापासून तो दोन बोटांवर होता.

"तंगी, घे तुझा पाना," ते म्हणाले. कन्नडात धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. "वर जाऊन दांडा अडकला असता तर काय झालं असतं, ते आता मनात आणू नको. आधी पाणी पी."

तेवढ्यात कंपनीचे साहेब आले. ते चिडलेले होते. उड्डाण रखडलं होतं, पन्नास माणसं कुरकुरत होती. मंजुषानं सबब सांगितली नाही. "चूक माझी आहे. न बघता सही केली मी," एवढंच बोलली आणि तसं लिहूनही दिलं.

"हिला कामावर ठेवायचं कसं?" साहेबांनी विचारलं.

ईरण्णा हात पुसत पुसत म्हणाले, "साहेब, सही बंद ठेवा तिची, तीन महिने ठेवा. ते बरोबरच हाय. पण तिनं सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. तिला घरी पाठवलं तर पुढच्या बारीला कुणीच सांगणार न्हाय. मग विमान कशाच्या भरवशावर सोडायचं?"

 साहेब होकाराची मान हलवून निघून गेले. मंजुषाची सही तीन महिने थांबली, नोकरी राहिली.

माझी पुन्हा तपासणी व्हायला चार तास लागले. तोवर ती आईवडिलांजवळ जाऊन बसली. मान वर करवत नव्हती.

"आबा, बारसं चुकलं तुमचं. माझ्यामुळं."

बब्रुवान म्हणाले, "सांजच्याला मेंढरं मोजताना एक कमी भरलं, तर म्या काय करतो?"

"माघारी जाता."

"दमलेलो असलो तरी?"

"तरी जाता."

"मग तू काय येगळं केलंस? बारसं काय, दिवे लागल्यावर बी होतंय."

सिताबाईंनी पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि लेकीच्या हातात दिली. लेकीनं खाल्ली तेव्हा कुठं त्या माउलीला बरं वाटलं.

दुपारी मी उडालो. सिताबाई खिडकीला कपाळ टेकवून बसल्या होत्या, बब्रुवानांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांना हिसका बसू नये म्हणून मी माझ्या परीनं जपूनच उतरलो. बारसं संध्याकाळी झालं, असं पुढं मंजुषा ईरण्णांना सांगत होती तेव्हा मी ऐकलं.

नंतर ती कंपनी बंद पडली. दोन वर्षं मी विमानतळाच्या कोपऱ्यात उन्हात उभा होतो. चाकं बसली, खिडक्या पिवळ्या पडल्या, इंजिनाच्या तोंडात साळुंक्यांनी घरटी केली. ज्या अंगावर कुणी रोज तळहात फिरवायचं, तिथं बोटभर धूळ साचली. मग या संस्थेनं मला घेतलं. पंख काढून, मोठ्या ट्रेलरवर घालून मला धाराशिवला आणलं. वाटेत माणसं एसटी थांबवून बघत होती.

मित्रांनो, तुमच्याकडं सायकल असेल, शिलाई यंत्र असेल, शेतावरची मोटर असेल. त्यांना पुसा, तेल द्या, त्यांचा आवाज बदलला तर थांबून ऐका. त्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीनं तुम्हालाच बोलावं लागतं. आणि तुमच्या हातून काही चुकलं तर लपवू नका. सांगितल्यानं काय होतं? विमान थांबतं, लोक कुरकुरतात, कुणाचा तरी चहा गार होतो. आणि संध्याकाळी सगळी माणसं आपापल्या घरी पोचतात.