निळ्या दोऱ्याची इशिम

मित्रांनो, मी एक जुना कापडी नकाशा आहे. डिलाईल रोडच्या एका चाळीत, ट्रंकेत घडी होऊन पडलेला असतो. माझ्यावर एकच नदी आहे, दूर उत्तरेच्या थंड मुलखातली इशिम. पाठ्यपुस्तकात ती नव्हती. जगदीश मास्तरांना वाचनालयातल्या एका पुस्तकात ती भेटली आणि त्यांचा जीवच जडला. त्यांनी मांजरपाटावर पेन्सिलीने रेघ काढली. त्यांची बायको शांता गिरणीतून आली की निळ्या दोऱ्याने ती भरत बसे.

"एवढी वळणं कशाला हिला?" तिने विचारलं.

"उतारच नाही गं. नुसता सपाट गवताळ माळ. रेंगाळत जाते बापडी."

उद्याचा धडा मास्तर आदल्या संध्याकाळी तिला म्हणून दाखवत. शांताला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं सगळं पाठ होई. वर्गात मी फळ्यावर टांगलेला असे. हिवाळ्यात नदी गोठते आणि तिच्यावरून घोडे चालतात, हे ऐकून मुली थक्क होत. त्यांनी बर्फ पाहिला होता तो मासळीबाजारातला.

छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून रस्ते माणसांनी भरले. शाळा लवकर सुटली. मला काखेत मारून मास्तर चंपा नावाच्या विद्यार्थिनीला घरी सोडायला निघाले. नाक्यावर गोळीबार सुरू झाला. त्यांनी चंपाला एका जिन्याखाली ढकललं. ते स्वतः तिथवर पोचले नाहीत.

शांताने मला पुन्हा पुन्हा धुतलं. डाग गेला नाही. शाळेने मला मागितलं, तेव्हा ती म्हणाली की त्यांच्या हातचं घरात दुसरं काही नाही.

साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले. शांताने दार लोटून घेतलं. तेवढ्यात चंपा आली, आता चांगली उंच झालेली. तिने नकाशा बघायला मागितला. शांताने मला जमिनीवर पसरलं आणि नदीवर बोट ठेवून मास्तरांच्याच शब्दांत सांगू लागली. टेकड्यांत उगम, आधी पश्चिमेची वाट, मग उत्तरेला वळण, शेवटी इर्तिश नावाच्या मोठ्या नदीला मिळणं. मग हिवाळा. नदी गोठली, आणि बोट थांबलं.

"पुढे काय होतं, काकी?"

"ठाऊक नाही गं. तो धडा पुढच्या आठवड्यात घेणार होते. मला म्हणून दाखवायचा राहिला."

दोघी माझ्यावर वाकून रडल्या. वसंतात माळावरचा बर्फ वितळतो आणि वर्षाचं बहुतेक पाणी तेव्हाच नदीला येतं. रेघ काढताना मास्तर हे स्वतःशी पुटपुटले होते. मी ऐकलं होतं. पण कापडाला तोंड कुठलं?

मित्रांनो, मला आता कसर लागली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा. पण त्याआधी, घरातलं माणूस काही सांगू लागलं, तर उद्या सांगा म्हणू नका. जवळ बसा आणि पुरतं ऐकून घ्या.