घराचं नाक

मित्रांनो, दयाराम सुताराने मला भिंतीत बसवलं, तेव्हा तो म्हणाला, "घ्या जनकाबाई, तुमच्या घराले नाक बसवलं!" मलकापूरच्या त्या घरात मागच्या खोलीची मी जुनी खिडकी, कडुलिंबाच्या फळ्यांची. कित्येक उन्हाळे मी गार वारा आत घेतला, फोडणीचा ठसका बाहेर सोडला.

यंदा पावसाळ्यात जनकाबाईंची लेक मंजुश्री बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळंतिणीला वारा लागू नये, ही इथली रीत. जनकाबाईंनी जुनं लुगडं फाडून माझ्या फटीफटीत बोळे कोंबले. खाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. पाऊस उघडेना, म्हणून दुपटी-लंगोटही आतच दोरीवर. ओल भिंतीत चढली. पाळण्यामागे आधी पिवळा डाग पडला, मग काळी बुरशी. मला दिसत होतं. पण बोळे कोंबलेल्या तोंडाने सांगू कसं?

बाळाची छाती घरघरू लागली. औषधाने उतार पडे, पुन्हा तेच. डॉक्टरांनी धुरी बंद करायला सांगितली. जनकाबाई म्हणाल्या, "त्याहिले काय समजते? वारंच शिरून राह्यलं कुठून तरी." आणि आणखी एक चिंधी कोंबली.

एका दुपारी मंजुश्रीने पाळणा सरकवला, आणि ती थबकलीच.

"माय, हे पाह्य! हेच नाकात घेऊन राह्यलं लेकरू. खिडकी खोल."

"हाव, अन् उद्या कंबर धरली का मलेच बोल लावजो!"

"लावीन. मले लागू दे वारा. तिले लागत नाही, म्हणूनच घरघरून राह्यली थे."

जनकाबाई माझ्याजवळ आल्या. बाळाचा श्वास तेवढा खोलीभर वाजत होता. त्यांनी एक बोळा उपसला. ओलाकच्च, काळा, कुबट. त्यांनी तो नाकाशी नेला नि दूर भिरकावला. मग सगळेच ओढून काढले. मी फुगून घट्ट बसले होते. त्यांनी खांदा लावला, तेव्हा कुठे उघडले.

शेगडी अंगणात गेली. बाळ-बाळंतीण पुढच्या खोलीत निजली, तोवर भिंत घासून, धुऊन, सुकवून झाली. सारी परत आली, तेव्हा जनकाबाई डोक्याला पदर गुंडाळून माझ्या चौकटीला पाठ टेकून बसल्या, वाऱ्याच्या आणि लेकीच्या मधोमध.

"लागला तं मले लागू दे," म्हणाल्या.

वारा त्यांच्या डोक्यावरून पाळण्यापर्यंत गेला. त्या संध्याकाळी बाळ तोंड मिटून, नाकाने श्वास घेत झोपलं.

मित्रांनो, ओल दिसली तर तिच्यापुढे कपाट सरकवू नका. आणि चिंध्या कोंबणाऱ्या हातांवर रागावू नका; तेही मायेचेच असतात. त्यांना भिंत दाखवा, आणि सोबतीने खिडकी उघडा.