डाव्या चाकाचा बूट

रक्षावहिनींची पांढरी गाडी दिवाळीपासून चौथ्यांदा गॅरेजच्या दारात वळली, तेव्हा प्रफुलने हातातला पाना खाली ठेवला आणि तो नुसता आवाज ऐकत बसून राहिला. डाव्या चाकातून कटकट येत होती. वाकून बघायची गरजच नव्हती. पुढच्या एक्सलच्या टोकाला घड्याघड्यांचं रबरी आवरण असतं, त्याला बूट म्हणतात. ग्रीस आत राहावं आणि धूळ बाहेर राहावी, एवढंच त्याचं काम. नीट बसवलेला बूट पाच-सहा वर्षं कुणाला आठवतही नाही. वहिनींच्या गाडीचा डावा बूट तीन आठवड्यांत फाटत होता.

हिंगणघाटात वीस वर्षं गॅरेज चालवून प्रफुलने नाव कमावलं होतं ते एकाच गोष्टीवर: त्याच्याकडची गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही. पहिल्यांदा त्याने दोष रबराला दिला आणि कंपनीचा बूट मागवला. दुसऱ्यांदा क्लिप बदलली. तिसऱ्यांदा उंदरांचा संशय आला, म्हणून वहिनींचे यजमान रजत यांना गाडी गोदामाजवळ न ठेवता अंगणात ठेवायला सांगितलं, आणि मनाची खात्री व्हावी म्हणून अख्खा एक्सलच नवा टाकला. आता गाडी रॅम्पवर चढवून त्याने फाटक्या बुटाच्या घड्यांतून बोट फिरवलं. दाताची खूण नव्हती, चीर नव्हती. घड्या एकमेकींवर घासून कागदासारख्या पातळ झाल्या होत्या आणि मग उकलल्या होत्या. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून गाडी तासन् तास तशीच फिरवली तरच असं होतं. उजव्या टायरची झिजलेली बाहेरची कडही तेच सांगत होती.

त्या वैतागातच त्याने रजतला फोन केला. "गाडीत काई नाई. वहिनी स्टिअरिंग दाबून फिरवतात, दुसरं कारण नाई," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला थोडं हलकंही वाटलं.

त्या एका वाक्याने काय होईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. वहिनी रोज वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायला जातात हे रजतच्या घरी आधीपासूनच कुणाला फारसं रुचत नव्हतं. गाडी विकायची, असं त्या संध्याकाळीच ठरलं. एसटीने पहिला तास गाठता येत नव्हता, आणि पहिला तास गेला की नोकरीही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः गॅरेजवर आल्या. चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात तेच गणित पाचव्यांदा समजावून सांगणाऱ्या माणसाचा थकवा होता.

"प्रफुलभाऊ, घर ते कॉलेज सरळ रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "मी गाडी वळवणार कुठे? एक दिवस माझ्या शेजारी बसून चला, आणि जे दिसेल ते घरी सांगा."

नवा बूट बसवून प्रफुल सोमवारी त्यांच्यासोबत निघाला. त्या दिवशी त्यांचा तास दुपारचा होता. गॅरेज सोडताना भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. वहिनी गाडी उत्तम चालवत होत्या. खड्डा आला की अलगद वेग कमी करायच्या, समोरून एसटी आली की अदबीने बाजू द्यायच्या. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि त्यात मधेच तुरीचे पट्टे होते. स्टिअरिंग वीतभरही फिरत नव्हतं. आपण एका शहाण्या बाईवर उगाच आळ घेतला, असं त्याला सारखं वाटत राहिलं, आणि रजतला काय सांगायचं याची वाक्यं तो मनातल्या मनात जुळवत होता.

कॉलेजच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा पाऊण वाजला होता. चाळीस-बेचाळीस किलोमीटरला पावणेतीन तास लागले, हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. गॅरेजचंच घड्याळ मागे असेल, असं तो धरून चालला. वहिनींनी किल्ली त्याच्या हातात दिली. त्यांची बोटं थंडगार होती आणि त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"गाडी तुमच्याकडेच राहू द्या. मी एसटीने येईन," त्या म्हणाल्या. "आणि घरी काही सांगू नका. तुमच्याही घरी नका सांगू."

फाटकापासून परत निघायला त्याने स्टिअरिंग डावीकडे वळवलं, आणि चाकातून कटकट आली.

पुढचे चार दिवस प्रफुल कुणाशी धड बोलला नाही. बायकोने वाढलेलं ताट तसंच राहू लागलं. डोळ्यांदेखत सरळ रस्त्याने गेलेल्या गाडीचा बूट त्याच घड्यांत घासून फाटला होता. त्याने वहिनींना तीनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. रजतने मात्र आपणहून फोन करून सांगितलं, की बायकोने गाडीचा नाद स्वतःच सोडला, फार बरं झालं. शनिवारी प्रफुलने बूट पुन्हा उतरवला आणि उजेडात धरला. चाकाच्या आतल्या बाजूला उडालेल्या ग्रीसमध्ये लाल मुरूम चिकटला होता, आणि त्यात कापसाच्या रुईचे बारीक पुंजके. त्या सबंध वाटेवर सगळी काळी माती. लाल मुरूम पसरलेलं, गाडी गोल फिरेल एवढं मोकळं मैदान त्याच्या माहितीत एकच होतं: निम्म्या वाटेवर, बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीचं.

रविवारी सकाळी नऊला तो मोटरसायकल घेऊन निघाला. जिनिंगचं फाटक केव्हाचं निखळून पडलं होतं. त्याने मोटरसायकल तिथेच उभी केली. आत, कापसाच्या गाड्या जिथे रिकाम्या व्हायच्या त्या मैदानात, चाकोऱ्यांचं एक मोठं कडं उमटलं होतं, वीतभर खोल, वर्षानुवर्षं घाणा फिरावा तसं. ते पाहून त्याला खरं तर बरं वाटलं. अखेर कारण सापडलं होतं.

रस्त्यापलीकडे यशोदाबाईंची चहाची टपरी होती. त्याने जाऊन विचारलं, की इथे गाडी कोण फिरवतं.

"त्या मॅडम. पांढऱ्या गाडीवाल्या," यशोदाबाई म्हणाल्या. "सकाळी येत, अर्धा घंटा फिरत अन् निंगून जात. मले वाटे, गाडी शिकून राह्यल्या. एकदा इचारलं तं म्हणे, मी तं आज पहिल्यांदाच थांबली इथं."

"सोमवारी मीबी होतो त्या गाडीत," प्रफुल म्हणाला. "आम्ही कुठी थांबलोच नाई."

"थांबले ना. मॅडम इथं, या बाकावर बसून होत्या. आधी तुमाले लय आवाज देल्ले त्याईनं, मंग नुसत्या पाहात बसल्या. गाडी तुम्हीच चालवून राह्यले होते, भाऊ."

प्रफुलला हसायचं होतं. मी शेजारी बसलो होतो, असं त्याने सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग जरा चढ्या आवाजात सांगितलं. यशोदाबाईंनी वाद घातला नाही. रागावलेल्या गिऱ्हाइकाला जेवढं ऐकून घ्यायचं तेवढं ऐकून घेतलं आणि भांडी विसळायला घेतली. दुपारच्या गर्दीनंतरची, बरीच भांडी होती. ऊन टपरीच्या मागच्या बाजूला गेलं होतं.

"चहा मांडू का आता?" त्या म्हणाल्या. "तुम्ही आले तवाच मांडला होता. किती येळ उकळू देऊ? फेकून देल्ला."

"आत्ताच तं आलो मी."

त्यांनी फक्त मैदानाकडे पाहिलं, म्हणून त्यानेही पाहिलं. रुंद चाकोऱ्यांच्या वरून एक बारीक, ताजी रेघ गेली होती, गोल, आणि पुन्हा गोल, मोजता येऊ नये इतक्या वेळा. आणि तिचं शेवटचं टोक फाटकाशी उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाखाली येऊन थांबलं होतं.